सदाहरित अरण्य आणि मराठी गद्य

मराठीत अरण्यावर लिहिले गेले नाही, अशी तक्रार आज कोणालाही करता येणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि वानरांच्या टोळीची कथा सांगणारी त्यांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी, मारुती चितमपल्ली यांची ‘रानवाटा’, ‘जंगलाचं देणं’, ‘पक्षी जाय दिगंतरा’ ही पुस्तके व ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र, कृष्णमेघ कुंटे यांचे ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’, एवढी नावे घेतली तरी एक समृद्ध दालन डोळ्यांपुढे उभे राहते. ‘सत्तांतर’ला १९८३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद चितमपल्लींना देऊन, वनखात्याच्या चाकरीत आयुष्य वेचलेल्या लेखकाला मराठी सारस्वताने आपल्या पंक्तीत मानाचे पान मांडले. जून २०२५ मध्ये ते निवर्तले, तेव्हा अरण्याचा एक जाणता गेला ही भावना सार्वत्रिक होती, आणि ती यथार्थही होती.

परंतु या ग्रंथांतील अरण्ये नकाशावर मांडून पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते, आणि तिची चर्चा आपल्या समीक्षेने फारशी केलेली नाही. नागझिरा, नवेगाव बांध, मेळघाट ही सारी विदर्भाची अरण्ये. कुंटे मदुमलाईला गेले, तेही प्रामुख्याने पानझडीच्या प्रदेशात. मराठी अरण्यलेखनाची कर्मभूमी सागाची, ऐनाची, मोहाची आणि पळसाची आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर चांदोलीपासून तिलारी, म्हादई आणि मोलेपर्यंत जे ओले, काळोखे, सदाहरित व निमसदाहरित रान पसरले आहे, जे मराठी भाषकांच्या दारात उभे आहे, त्याला या तोडीचा लेखक लाभलेला नाही. हा योगायोग आहे, की आपल्या गद्याच्या घडणीतच त्याचे कारण आहे, या प्रश्नाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

माडगूळकरांच्या गद्याचे सामर्थ्य कशात आहे? आमच्या मते ते दृष्टीत आहे. ते चित्रकार होते, आणि त्यांचे वाक्य पेन्सिलीच्या एका रेघेसारखे येते. ‘बनगरवाडी’त माणदेशाचे उघडे माळरान आहे, तेथे दूरवरून येणारा माणूस ठिपक्याएवढा असल्यापासून दिसू लागतो. या मोकळ्या दृष्टिक्षेपाची सवय घेऊनच माडगूळकर नागझिऱ्यात शिरले, आणि त्या रानाने त्यांना निराश केले नाही. चैत्र-वैशाखात पानझडीचे अरण्य उघडे पडते. झाडांच्या खोडांमधून दूरपर्यंत दिसते. पाणी आटत जाते आणि उरलेल्या चार पाणवठ्यांवर सारी जनावरे संध्याकाळी क्रमाक्रमाने येतात. मचाणावर किंवा लपणात बसलेल्या निरीक्षकाच्या पुढे जणू रंगभूमीच सिद्ध होते: प्रथम मोर, मग चितळांचा कळप, मग सावध सांबर, आणि भाग्य असेल तर शेवटी वाघ. प्रवेश, प्रतीक्षा, उत्कर्षबिंदू आणि निर्गमन ही नाट्यरचना लेखकाला बाहेरून आणावी लागत नाही, उन्हाळाच ती पुरवतो. आपल्या अरण्यकथनाचा साचा या पाणवठ्यावर घडला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

चितमपल्लींची प्रकृती निराळी. त्यांच्या लेखनात पाहण्याइतकेच ऐकणे आहे. रानात राहणाऱ्या माणसांकडून ऐकलेले शब्द, समजुती, पाखरांची नावे त्यांनी कृपणाच्या निष्ठेने साठवली, आणि ‘पक्षिकोश’ हे त्या साठवणीचे फळ आहे. ते कित्येकदा ऐकलेल्या आख्यायिकेवर निरीक्षणाइतकाच विश्वास टाकतात, आणि चिकित्सक वाचक तेथे अडखळतो. तरीही मराठीला त्यांनी जे शब्दधन दिले, त्याचे ऋण मानल्यावाचून गत्यंतर नाही. मात्र हे धन प्रामुख्याने पूर्वेकडचे आहे. एखाद्या अरण्याची बोली गोळा करावयाची तर त्या अरण्यात वर्षानुवर्षे राहावे लागते. सह्याद्रीच्या पश्चिमेला असा मुक्काम कोणी ठोकला नाही.

आता मोलेकडे वळू. गोव्याच्या पूर्व सीमेवर, घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत, सुमारे २४० चौरस किलोमीटरचे हे रान १९६९ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे त्याला भगवान महावीरांचे नाव मिळाले आणि १९७८ साली त्यातील १०७ चौरस किलोमीटरांच्या गाभ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा लाभला. त्याच्या उत्तरेस, सत्तरीत, म्हादई अभयारण्य आहे. ते १९९९ सालचे. क्षेत्र २०८ चौरस किलोमीटर. दक्षिणेस त्याच वर्षी झालेले नेत्रावळी आणि त्याहून जुने खोतीगाव. पश्चिम घाटाच्या या पट्ट्यात गवा आहे, वाघ-बिबटे आहेत, खवले मांजर, शेकरू, नागराज आणि महाधनेश आहे. नावांची यादी नागझिऱ्याहून उणी नाही.

परंतु या रानात वर्णनकाराने मचाण बांधावे कोठे? येथे पाणी आटून चार ठिकाणी उरत नाही. खोऱ्याखोऱ्यातून झरे वाहतात आणि जनावरे विखुरलेली असतात. भर दुपारी झाडांच्या छताखाली संधिप्रकाश असतो. वेलींनी झाडे एकमेकांना बांधून टाकलेली, आणि दहा पावलांवर उभा असलेला गवाही प्रथम श्वासाने कळतो, मग फांदी मोडल्याच्या आवाजाने, आणि डोळ्यांना दिसेपर्यंत तो निघून गेलेला असतो. धनेश दिसण्यापूर्वी त्याच्या पंखांचा फडफडाट, एखाद्या यंत्राच्या धापेसारखा, डोक्यावरून जातो. शीळकरी कस्तूर ओढ्याच्या काठी गात असतो आणि पाण्याच्या आवाजातून त्याची शीळ वेगळी काढावी लागते. पावसाळ्यात तर बाह्य निरीक्षकाला वाटच बंद होते. जळवा पायांवर चढतात, कपडे वाळत नाहीत, आणि कुजक्या लाकडावर रात्री मंद हिरवा उजेड देणारी बुरशी उगवते. जे अरण्य वर्षाचे चार महिने स्वतःच्या ओलाव्यात बुडून राहते आणि ज्याचे खरे जीवन त्याच चार महिन्यांत उफाळते, त्याचे दर्शन उन्हाळ्याच्या सुटीतील आठ दिवसांच्या मुक्कामात घडणे अशक्य आहे.

तेव्हा आमचे म्हणणे असे की, मोलेवर पुस्तक झाले नाही याचे कारण लेखकांचा आळस हे नव्हे. दृष्टीवर आधारलेले गद्य येथे निकामी होते. या रानाला कान, त्वचा आणि नाक यांचे गद्य हवे. आणि प्रतीक्षेच्या अंती वाघ येईलच असे वचन न देणारी रचना हवी. दूधसागर आणि तांबडी सुर्ला यांवरची प्रवासवर्णने वाचताना हे फार जाणवते. लेखक धबधब्यापाशी पोहोचतो, कदंबकालीन महादेवाच्या देवळापाशी पोहोचतो आणि तेथे त्याची लेखणी मोकळी होते, कारण तेथे पाहण्याजोगे काही आहे. मधले रान त्याला पडद्यासारखे असते, ‘घनदाट’ या एका विशेषणात संपणारे. हे ‘घनदाट’ विशेषण आमच्या भाषेतून दहा वर्षे हद्दपार केले, तर बरेच काही लिहिले जाईल असे कधी कधी वाटते.

गोमंतकाच्या मराठी परंपरेकडे पाहिले तरी उत्तर फारसे वेगळे मिळत नाही. १६१६ साली सिद्ध झालेल्या क्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स मराठीची थोरवी गाताना फुलांतील मोगरी, परिमळांतील कस्तुरी, पक्ष्यांतील मोर आणि वृक्षांतील कल्पतरू यांची मालिका मांडतात. ती मांडणी अतिशय देखणी आहे; परंतु तो बागेचा आणि अलंकाराचा निसर्ग आहे. त्यात सासष्टीच्या पाठीमागचे रान नाही. सोहिरोबानाथ आंबिये (जन्म १७१४) यांच्या चरित्रात मात्र अरण्य एका निर्णायक क्षणी येते. इन्सुलीच्या रानातून जाताना जवळचा फणस खावयास बसले असता गहिनीनाथांनी दर्शन दिले आणि त्यांना अनुग्रह लाभला, अशी आख्यायिका आहे. पेडण्यातील विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे, तेव्हा ही कथा आमच्या विद्यार्थ्यांना अपरिचित नसावी. पण येथेही अरण्य हे साक्षात्काराचे स्थळ आहे, स्वतः साक्षात्काराचा विषय नाही. भारतीय परंपरेत अरण्याचा हा उपयोग फार जुना आहे. लीळाचरित्रात चक्रधरांनी आश्रयाला आलेल्या सशाला पारध्यांपासून वाचवल्याची लीळा आहे. तिच्यात त्या भेदरलेल्या सशाला जेवढी जागा मिळाली आहे, तेवढी पुढील कित्येक शतकांत मराठी गद्याने कोणा वन्य जिवाला दिली नाही.

अर्वाचीन काळात लक्ष्मणराव सरदेसाई आणि महादेवशास्त्री जोशी यांनी गोमंतकीय कथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. सरदेसायांच्या एका संग्रहाचे नावच ‘कल्पवृक्षाच्या छायेत’ असे आहे. ही छाया माडाची आहे; कुळागराची, समुद्राकाठची, माणसाने लावलेल्या आणि शिंपलेल्या झाडांची. महादेवशास्त्री तर सत्तरीतील आंबेड्याचे, म्हादईच्या खोऱ्यातले. ‘वेलविस्तार’, ‘खडकातले पाझर’ ही त्यांची शीर्षके पाहिली म्हणजे घाटाचा ओलावा त्यांच्या बोलण्यात मुरलेला होता हे कळते. मात्र कथेत शिरल्यावर वेल कुटुंबाचा असतो आणि पाझर माणसाच्या मनाचा. यात उणेपणा काढण्याचा हेतू नाही. सत्तरीच्या माणसाला रान हे कामाचे, भीतीचे आणि देवाचे ठिकाण होते; रानातून घरी परत येणे हीच त्याची कथा होती. बोरकरांच्या ‘माझ्या गोव्याच्या भूमीत’ या प्रसिद्ध कवितेतही डोंगर भेटतो तो मुख्यत्वे धबधब्याच्या दुधातून. बा. द. सातोस्करांनी ‘गोमंतक: प्रकृती आणि संस्कृती’ या ग्रंथाच्या शीर्षकात प्रकृतीला प्रथम स्थान दिले, हे मात्र आवर्जून नोंदवावेसे वाटते.

मग या रानासाठी मराठीत पूर्वपीठिका मुळीच नाही काय? आहे, पण ती आपण अरण्यसाहित्य म्हणून ओळखलेली नाही. तेरेखोलच्या पलीकडे, वेंगुर्ल्याजवळच्या बागलाची राई या गावी १९३० साली चिं. त्र्यं. खानोलकर जन्मले. ‘राई’ हा शब्दच त्यांच्या जन्मगावाच्या नावात आहे. ‘रात्र काळी, घागर काळी’ (१९६२) आणि ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबऱ्यांत प्राणिशास्त्र नाही, पक्ष्यांच्या जाती नाहीत. परंतु दमट काळोखात माणसाच्या मनावर जे दडपण येते, न दिसणाऱ्या गोष्टीच्या नुसत्या अस्तित्वाने जी भीती व जी ओढ निर्माण होते, ती शब्दांत धरणारे गद्य मराठीत प्रथम खानोलकरांनी लिहिले. त्यांचे वाक्य पुढे जात नाही, ते वेलीसारखे वेटाळते. टीकाकारांनी त्याला दुर्बोधतेचा दोष दिला. आम्हांस वाटते, दहा पावलांपलीकडे न दिसणाऱ्या प्रदेशात वाढलेल्या लेखकाचे ते स्वाभाविक वाक्य आहे. माणदेशच्या माळाने माडगूळकरांना जे वाक्य दिले, ते कोकणच्या राईने खानोलकरांना देणे शक्यच नव्हते.

दुसरी पूर्वपीठिका दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ची. १९५६ सालच्या या पुस्तकात साहस नाही, शिकार नाही, दुर्मिळ प्राण्याचे दर्शन नाही. एकाच झाडाकडे, एकाच आकाशाच्या तुकड्याकडे बाई बारा महिने पाहतात, आणि बदल टिपतात. सदाहरित अरण्य बाहेरून वर्षभर सारखेच हिरवे दिसते. त्याचे ऋतू ओळखावयाचे तर हीच संथ आणि हट्टी नजर लागेल. ऐन उन्हाळ्यात तेथील कित्येक वृक्षांना तांबूस कोवळी पालवी फुटते आणि हिरव्या डोंगरावर तांबडे डाग पडतात, हे एका फेरीत जाणाऱ्यास दिसेल, पण उमगणार नाही. दुर्गाबाईंची नजर आणि खानोलकरांचा कान एकत्र आले, तर मोलेचे गद्य जन्मास येईल असा आमचा अदमास आहे. गो. नी. दांडेकरांचे नाव येथे कोणी घेईल. ‘माचीवरला बुधा’ हे पुस्तक आम्हांस प्रियच आहे. परंतु राजमाचीचे रान तेथे मुंबईला विटलेल्या म्हाताऱ्याचे आश्रयस्थान म्हणून येते आणि त्याच्यासाठीच जगते. बुधाच्या मृत्यूनंतर त्या रानाचे काय होते, याची उत्सुकता पुस्तकाला नाही.

ही चर्चा केवळ वाङ्मयीन रुचीची असती, तर अकादमीच्या पृष्ठांवर तिला एवढी जागा मागण्याचे धाडस केले नसते. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे बछडे असे चार वाघ मृतावस्थेत सापडले. गुरे मारल्याच्या रागातून विषप्रयोग झाल्याचे तपासात पुढे आले. याच सत्तरी-सांगे भागात वाघाला ‘वाघ्रो’ म्हणून देवत्व दिलेले आहे, त्याच्या दगडी मूर्ती पुजल्या जातात. वाघ्रोला नारळ ठेवणारी परंपरा आणि विष ठेवणारा हात एकाच मुलखातले कसे, हा प्रश्न वृत्तपत्राच्या स्तंभात मावणारा नाही. जिची दुभती म्हैस गेली त्या घराचे दुःख आणि त्या बछड्यांचे मरण ही दोन्ही एकाच कथनात, कोणाचीही बाजू न सोडता, धरून ठेवण्याचे काम कादंबरीचे आहे. धरणग्रस्तांच्या बाबतीत हे काम विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने केले. अभयारण्याच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाचे ‘झाडाझडती’ अजून लिहिले जावयाचे आहे. गोव्यातील गावांना खाणींनी कसे पोखरले, याचे चित्र पुंडलिक नायक यांनी ‘अच्छेव’मध्ये रेखाटले, ते कोकणीत. भाषावादाच्या आवेशात आपण त्या पुस्तकाकडे पाठ फिरवली असेल, तर ते आपलेच नुकसान आहे.

त्याच २०२० साली मोलेतून जाणारा लोहमार्गाचा दुसरा पदर, महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्चदाब वीजवाहिनी या तीन योजनांविरुद्ध गोव्यात मोठे आंदोलन उभे राहिले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्रप्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करण्याचा आदेश दिला, आणि शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. या साऱ्या प्रकरणातील अहवाल, शपथपत्रे, नकाशे इंग्रजीत होते. सत्तरीच्या वाड्यावस्त्यांवर पोहोचल्या त्या अफवा, भाषणे आणि ‘घरे जाणार की राहणार’ हा एकच प्रश्न. ‘गाभाक्षेत्र’ आणि ‘बफर’ हे शब्द धमकीसारखे ऐकू आले, कारण त्यांच्या पाठीशी अनुभवाचे मराठी गद्य उभे नव्हते. राजेंद्र केरकरांनी गेली अनेक वर्षे मराठी वृत्तपत्रांतून म्हादईच्या खोऱ्यातील देवराया, लोकदैवते आणि वन्य जिवांविषयी जे सातत्याने लिहिले आहे, त्याचे मोल येथे कळते. बांबर गावच्या निरंकाराच्या राईत रानजायफळीची झाडे गुडघ्यांसारखी मुळे चिखलातून वर काढून उभी असतात. देवाच्या धाकाने राखलेली ही दलदल वनस्पतिशास्त्रज्ञांना अनमोल वाटते, हे सामान्य गोमंतकीय वाचकाला ठाऊक झाले ते अशा लेखनामुळे. तरी वृत्तपत्रीय लेखाला शब्दमर्यादा असते आणि आयुष्य एका दिवसाचे. त्या साहित्याचे ग्रंथरूप आणि त्यातून उगवणारी कथा ही पुढची पायरी आहे.

हरमलच्या वाचकाला वाटेल, आमचा याच्याशी काय संबंध? आमच्यापुढे समुद्र आहे, मागे माड आहेत. पेडणे तालुक्यात एकही अभयारण्य नाही, हे खरे. पण किनाऱ्याला लागूनच गोड्या पाण्याचे तळे आहे, आणि त्याच्या वरच्या अंगाला झऱ्याची झाडीभरली घळ आहे. हरमलचा निसर्ग पुळणीवर संपत नाही. पेडण्याच्या शेतांना कालव्यातून मिळणारे तिलारीचे पाणी ज्या डोंगरांतून येते, त्यांतील दोडामार्गच्या २९.५३ चौरस किलोमीटर रानाला २०२० साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून संरक्षण मिळाले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच बाजूने एक रानहत्ती पेडण्यात उतरला. लोक त्याला ओंकार म्हणत. मोपाच्या पठारावर विमाने उतरत असताना त्या पठाराच्या आसपास हत्ती हिंडला. भातपिकांची नासधूस झाली, फटाके वाजले, आणि गावोगाव त्याच्या वार्ता एखाद्या कुळपुरुषाच्या स्वारीप्रमाणे पसरल्या. त्या दिवसांत पारावर आणि बसथांब्यावर जे बोलले गेले, त्यात भय होते, विनोद होता, नुकसानीचा हिशेब होता, आणि गणपतीचे नाव घेऊन केलेला नमस्कारही होता. कोणत्याही अरण्यग्रंथात न सापडणारे मराठी त्या बोलण्यात होते.

शाळेतील निबंधाची गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. ‘अरण्यातील एक दिवस’ असा विषय दिला की पेडण्याचा मुलगाही पाठ्यपुस्तकातून शिकलेले रान लिहितो: वाळलेली पाने, पळसाची फुले, पाणवठ्यावर आलेला वाघ. त्याच्या आजीला भेरली माड ठाऊक असतो, किंदळ आणि माट्टी यांतला फरक ठाऊक असतो, कोणत्या राईतले लाकूड तोडावयाचे नाही आणि का, हे ठाऊक असते. गव्याला ती ‘गवोरेडो’ म्हणते. हे शब्द वहीत आणले तर ते अशुद्ध म्हणून लाल शाईने खोडले जातील, अशी भीती मुलाला असते, आणि ती निराधार नाही. चितमपल्लींनी पूर्वेकडच्या रानांतून नेमके असेच शब्द उचलले आणि प्रमाण मराठीत बसवले. तेव्हा कोणी लाल शाई काढली नव्हती. सत्तरी, डिचोली, पेडणे आणि दोडामार्ग येथील झाडांची, पाखरांची, जनावरांची, ओहोळांची आणि राईंची नावे, ती कोणत्या गावात कोणाच्या तोंडून ऐकली या नोंदीसह गोळा करण्याचे काम एखाद्या शाळेच्या नववीच्या वर्गालाही करता येईल. कुमेरीच्या आणि म्हादईच्या पात्रातील पुरण शेतीच्या शब्दांपासून आरंभ करावा, कारण ते शब्द बोलणारी माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत.